फेरीबोटीच्या धक्क्यावरचा अभ्यास: यूएक्स आणि यूआय डिझायनर यांची कामे नवशिक्याने वेगळी कशी ओळखावीत

गोव्यातील सॉफ्टवेअर कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती चाळणाऱ्या तरुणाला ‘यूआय/यूएक्स डिझायनर’ हे पदनाम वारंवार दिसते. यूआय म्हणजे युजर इंटरफेस, ॲपचा स्क्रीनवर दिसणारा आणि हाताळता येणारा भाग; यूएक्स म्हणजे युजर एक्सपिरियन्स, ते ॲप वापरताना माणसाला येणारा सगळा अनुभव. मधल्या तिरप्या रेघेमुळे ही दोन कामे एकच असावीत असा समज होतो आणि बहुतेक जण फिग्मा हे स्क्रीन आखण्याचे सॉफ्टवेअर शिकून घेतात, चार-पाच देखण्या स्क्रीन तयार करतात आणि दोन्ही विद्या आपल्याला आल्या असे धरून चालतात. मुलाखतीत मात्र ‘ही स्क्रीन अशीच का केली?’ या साध्या प्रश्नावर अडखळायला होते. तो प्रश्न दोन्ही कामांना लागू पडतो, पण प्रत्येक कामाचे उत्तर वेगळ्या प्रकारचे असते.

घराचा आराखडा म्हणजे यूएक्स आणि घराची रंगरंगोटी म्हणजे यूआय, अशी एक उपमा नवशिक्यांना नेहमी सांगितली जाते. ती सोपी असली तरी माझ्या मते फसवी आहे. रंग न लावलेल्या घरात माणूस राहू शकतो, परंतु इंटरफेस काढून घेतलेल्या ॲपमध्ये वापरण्यासारखे काहीच उरत नाही. त्यापेक्षा असे म्हणावे की माणसाला नेमके काय साधायचे आहे, ते साधताना त्याचे कुठे अडते आणि कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने समोर आली तर अडणार नाही, याचा निर्णय यूएक्स डिझायनर घेतो. आणि तो निर्णय प्रत्यक्ष स्क्रीनवर, प्रत्येक परिस्थितीत, वाचता, ओळखता आणि बोटाने दाबता कसा येईल, हे यूआय डिझायनर ठरवतो. पहिल्याचा पुरावा माणसांच्या वागण्यात सापडतो, दुसऱ्याचा पुरावा स्क्रीनवरच तपासता येतो.

‘युजर एक्सपिरियन्स’ हा शब्दप्रयोग रूढ होण्याचे श्रेय सामान्यतः डिझाइन-अभ्यासक डॉन नॉर्मन यांना दिले जाते. १९९३ मध्ये ते ॲपल कंपनीत दाखल झाले आणि त्यांनी आपल्या पदनामात हा शब्द वापरला, कारण ‘इंटरफेस’ आणि ‘युझॅबिलिटी’ (वापरसुलभता) हे दोन्ही शब्द त्यांना अपुरे वाटत होते. वस्तू विकत घेण्यापासून ती बिघडल्यावर दुरुस्त करून घेण्यापर्यंतचा सगळा व्यवहार त्यांना त्या शब्दात बसवायचा होता. इंटरफेसचा इतिहास त्याहून जुना आहे. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ नावाच्या प्रयोगशाळेतील १९७३ चा आल्टो संगणक आणि १९८४ चा मॅकिंटॉश यांच्यामुळे खिडक्या, चिन्हे आणि माउस यांची भाषा घडली. म्हणजे यूआय हे यूएक्समधून फुटलेले उपांग नाही. दोन्ही प्रवाह निरनिराळ्या ठिकाणी उगम पावले आणि पुढे एकत्र आले.

हा फरक वाचून कळतो तेवढाच, हाताने केला की मुरतो. म्हणून एकच छोटा सराव प्रकल्प पहिल्यापासून शेवटपर्यंत करावा, असे मी नवशिक्यांना सुचवतो. गोव्यात राहणाऱ्यांना त्यासाठी फेरीबोटीइतका चांगला विषय क्वचितच मिळेल. रायबंदर ते चोडण, पणजी ते बेती, केरी ते तेरेखोल, यांपैकी जो धक्का जवळ असेल तो निवडावा. ‘फेरीने पलीकडे जाणाऱ्या माणसाला मदत करणारे ॲप’ एवढाच विषय मनात ठेवावा आणि संगणक घरी ठेवून निघावे.

पहिली पायरी: धक्क्यावर उभे राहणे

हे काम पूर्णपणे यूएक्सचे आहे आणि नवशिके नेमके हेच टाळतात. सकाळी कामावर जाणाऱ्यांची गर्दी असते तेव्हा एकदा, दुपारी एकदा आणि रात्री शेवटच्या फेऱ्यांच्या वेळी एकदा असे किमान तीन वेळा जावे, आणि त्यांतील एक वेळ पावसाची असेल तर उत्तमच. आरंभी कोणालाही काही विचारू नये. लोक काय करतात, कुठे पाहतात आणि एकमेकांना काय विचारतात एवढेच वहीत टिपावे. रांगेतली गाडी कुठपर्यंत पोहोचली, स्कूटरवाला हेल्मेट काढतो की नाही, फोन कोणत्या हातात असतो, या बारीकसारीक गोष्टी पुढे फार उपयोगी पडतात.

त्यानंतर तीन-चार जणांशी बोलावे. बोलण्यापूर्वी आपण कोण आणि कशासाठी विचारत आहोत हे स्पष्ट सांगावे, परवानगी घ्यावी आणि नावे लिहून घेऊ नयेत. ‘तुम्हाला असे ॲप आवडेल का?’ हा प्रश्न कधीही विचारू नये, कारण आपल्याकडची माणसे भिडस्त असतात आणि समोरच्या मुलाचे मन मोडू नये म्हणून होकार देतात. त्याऐवजी घडलेल्या गोष्टीविषयी विचारावे. ‘मागच्या वेळी फेरी चुकली तेव्हा तुम्ही काय केले?’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळते.

असे केल्यावर साधारणपणे एक गोष्ट लक्षात येते. घरी बसून आपण वेळापत्रकाचे ॲप करणार होतो. धक्क्यावरच्या माणसाला मात्र वेळापत्रकापेक्षा ‘फेरी आता या तीरावर आहे की पलतडी?’ हे आधी जाणून घ्यायचे असते. चारचाकीवाल्याला आपली गाडी याच खेपेत चढेल की पुढच्या, हे हवे असते. रात्री परतणाऱ्याला फक्त शेवटच्या फेरीची चिंता असते, कारण ती चुकली तर लांबचा वळसा पडतो. पर्यटक मात्र वेगळेच विचारतो, त्याला तिकीट कुठे काढायचे ते कळत नसते. एकाच धक्क्यावर असे चार निरनिराळे वापरकर्ते आणि चार निरनिराळे प्रश्न उभे असतात.

दुसरी पायरी: टिपणांतून निर्णय काढणे

घरी येऊन टिपणे एकेका चिठ्ठीवर उतरवावीत आणि सारखी टिपणे शेजारी ठेवत जावीत. त्यातून प्रत्येक गटासाठी एकच वाक्य लिहावे, उदाहरणार्थ, ‘रात्री नऊनंतर पणजीहून चोडणला परतणाऱ्या माणसाला शेवटची फेरी मिळेल की नाही हे घरून निघतानाच कळले पाहिजे.’ हे वाक्य लिहिण्यातच यूएक्सचा निम्मा घाम गाळावा लागतो. त्यात रंग नाही, बटण नाही, चिन्ह नाही. पण पहिल्या स्क्रीनवर काय असावे आणि काय नसावे हे त्याच वाक्याने ठरते.

मग कागदावर पेन्सिलीने क्रम काढावा: ॲप उघडल्यावर काय दिसेल, कोणता धक्का ते माणसाने निवडायचे की फोनने ओळखायचे, फेरी बंद असेल तर काय सांगायचे, पुढे कुठे जायचे. या कच्च्या चौकटींना वायरफ्रेम म्हणतात. त्या मुद्दाम कुरूप ठेवाव्यात. वायरफ्रेम देखणी झाली की पाहणारा रंगांविषयी बोलू लागतो आणि क्रमातली चूक तशीच राहून जाते.

याच पायरीवर एक अवघड प्रश्न समोर येतो. फेरी कोणत्या तीरावर आहे ही माहिती ॲपला देणार कोण? प्रवाशांनी कळवायची असे ठरवले आणि बराच वेळ कोणी काही कळवलेच नाही, तर स्क्रीनने काय म्हणायचे? जुनी माहिती ताजी म्हणून दाखवली तर माणूस धावत येऊन रिकाम्या धक्क्यावर उभा राहील आणि पुन्हा ते ॲप उघडणार नाही. म्हणून ‘शेवटची माहिती २० मिनिटांपूर्वीची’ असे प्रामाणिकपणे सांगण्याचा निर्णय घ्यावा लागतो. हा निर्णय यूएक्सचा. ती जुनी माहिती ताज्या माहितीहून वेगळी कशी दिसेल, हा पुढचा निर्णय यूआयचा.

तिसरी पायरी: कागदावरच चाचणी

कागदी चौकटी घेऊन पुन्हा माणसांकडे जावे. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशोब या क्षेत्रात प्रसिद्ध आहे: पाच जणांवर चाचणी घेतली तर वापरातील सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. हा आकडा सरासरीचा आहे आणि पाचही जण एकाच प्रकारचे वापरकर्ते आहेत असे त्यात गृहीत धरलेले आहे, हे विसरू नये. रोजचा प्रवासी आणि पर्यटक यांना एकाच पाचांत कोंबून चालणार नाही.

चाचणीत ‘हे बटण दाबा’ असे सांगायचे नसते, तर ‘आता रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत आणि तुम्हाला चोडणला घरी जायचे आहे, फेरी मिळेल का ते पाहा’ असे काम द्यायचे असते. मग तोंड बंद ठेवायचे. समोरची व्यक्ती चुकीच्या जागी बोट ठेवते तेव्हा मदत करण्याचा मोह आवरणे हेच या पायरीतले सर्वांत कठीण कौशल्य आहे. ‘वापरसुलभता’ ही आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकात तीन गोष्टींनी मोजली आहे: काम पूर्ण झाले का, किती श्रमात झाले आणि माणूस समाधानी राहिला का. आपल्या वहीत या तीन रकान्यांपुरती नोंद केली तरी सरावाला पुरे.

एक उदाहरण देतो. कागदावर ‘फेरी: पलीकडे’ असे लिहिले की आपल्याला ते स्पष्ट वाटते. पण जो माणूस अजून पणजीत कार्यालयात बसला आहे, त्याच्यासाठी पलीकडे म्हणजे नदीचे कोणते तीर? ‘फेरी चोडणच्या धक्क्यावर आहे’ असे लिहिले की गोंधळ संपतो. दोन शब्दांची ही दुरुस्ती कोणत्याही रंगसंगतीने साधली नसती.

चौथी पायरी: आता यूआय

क्रम पक्का झाला की यूआय डिझायनरचे काम सुरू होते. हे काम ‘सुंदर करण्याचे’ आहे असे मानणाऱ्यांनी धक्क्यावरील टिपणे पुन्हा वाचावीत. एप्रिलचे ऊन, ओले बोट, एका हातात स्कूटरचे हँडल, दुसऱ्या हातात स्वस्तातला फोन, ही या स्क्रीनची खरी परिस्थिती आहे.

उन्हासाठी पहिला विचार अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावतीचा (कॉन्ट्रास्टचा) करावा. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या मजकुराला ३ : १ एवढी तफावत लागते. नवशिक्यांचा लाडका फिकट राखाडी रंग, म्हणजे ९९९९९९ हा रंगसंकेत, पांढऱ्यावर २.८५ : १ एवढीच तफावत देतो आणि दोन्ही निकषांत नापास होतो; ७६७६७६ हा राखाडी जेमतेम उत्तीर्ण होतो. ओल्या बोटासाठी दाबण्याची जागा मोठी हवी. ॲपलच्या मार्गदर्शनात ती किमान ४४ पॉइंट आणि गूगलच्या मटेरिअल डिझाइन या मार्गदर्शनात ४८ डीपी सांगितली आहे (पॉइंट आणि डीपी ही स्क्रीनवरील मापाची एकके). लक्ष्य जितके लहान आणि लांब तितका तिथे पोहोचायला वेळ अधिक, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच दाखवून दिले होते. फेरी चालू म्हणजे हिरवा ठिपका आणि बंद म्हणजे लाल ठिपका, एवढ्यावर थांबू नये. ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत त्यांच्यासाठी शब्द किंवा आकृतीही बदलावी.

भाषेचा प्रश्न गोव्यात विशेष गुंतागुंतीचा आहे आणि त्यावर थोडे थांबावेसे वाटते. १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार देवनागरीतील कोकणी ही राजभाषा आहे आणि शासकीय कामकाजात मराठीचाही वापर करता येतो. शिवाय अनेक गोवेकर कोकणी रोमी लिपीत वाचतात आणि पर्यटकांसाठी इंग्रजी व हिंदी लागतेच. ॲपमध्ये कोणत्या भाषा ठेवायच्या, पहिली कोणती दाखवायची आणि बदलायची सोय कुठे द्यायची, हे यूएक्सने धक्क्यावरील निरीक्षणावरून ठरवावे. एकदा देवनागरी ठरली की पुढचा सगळा भार यूआयवर येतो, आणि इंग्रजी नमुने पाहून शिकलेल्या डिझायनरची इथे परीक्षा होते.

देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेद नाही, त्यामुळे इंग्रजीत सगळी अक्षरे मोठ्या लिपीत लिहून बटण उठावदार करण्याची युक्ती इथे चालत नाही. तो उठाव जाडी, आकार आणि मोकळी जागा यांतूनच आणावा लागतो. अक्षरांमधील अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटतो. वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-जोडाक्षर असल्यामुळे ओळींतील अंतर रोमन लिपीपेक्षा सैल ठेवावे लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. इंग्रजी मजकूर मोजून आखलेल्या चौकटीत मात्रा वरून कापली जाणे हा तर नेहमीचा अपघात. तपासणीसाठी मी नेहमी ‘कुठ्ठाळी’ हे गावाचे नाव आणि ‘सूर्योदय’ हा शब्द टाकून पाहतो; हे दोन नीट बसले तर बहुतेक सगळे बसते. ‘ॲ’ हे अक्षर जुन्या फोनवर उमटते का, हेही प्रत्यक्ष फोनवर पाहावे, संगणकावर नव्हे. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखे मोफत फाँट सरावासाठी उत्तम आहेत. हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वाचकाला खटकतात. काही फाँटांत मजकुराची भाषा मराठी असल्याचे नोंदवले की मराठी वळण आपोआप येते.

याखेरीज प्रत्येक घटकाच्या सर्व स्थिती यूआय डिझायनरने काढायच्या असतात: माहिती येत आहे, माहिती आली, माहिती जुनी आहे, नेटवर्क नाही, फेरी बंद आहे. नदीच्या मधोमध नेटवर्क गेलेली स्क्रीन कशी दिसेल हे ज्याच्या फाइलमध्ये नाही, त्याचे यूआय अर्धवट आहे असे मी समजतो.

पाचवी पायरी: चूक कोणाची, हे ओळखणे

माझ्या सुरुवातीच्या काळातला एक फजितीचा प्रसंग इथे सांगतो. एका छोट्या अतिथिगृहासाठी मी आरक्षणाची स्क्रीन केली होती. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी ‘बाबा, काही दिसत नाही’ अशी तक्रार केली. मी अक्षरांचा फिकट रंग गडद केला आणि आठवड्याने परत गेलो, तर त्या पूर्वीसारख्या वहीतच लिहीत होत्या. शेवटी एक सकाळ त्यांच्या व्हरांड्यात बसून काढल्यावर उलगडा झाला. त्या खांदा आणि कान यांच्यात फोन धरून समोरच्याशी बोलत असत आणि त्या क्षणी त्यांना ‘आज कोणती खोली रिकामी आहे’ एवढेच हवे असे. माझ्या स्क्रीनवर ते तिसऱ्या पानावर होते. फिकट रंग ही यूआयची चूक होती आणि ती मी दुरुस्त केली. तिसरे पान ही यूएक्सची चूक होती आणि ती रंगाने दुरुस्त होणार नव्हती.

तेव्हापासून मी एक कसोटी वापरतो. माणसाला हवी असलेली गोष्ट स्क्रीनवर आहे, पण ती त्याला दिसत नाही, वाचता येत नाही किंवा दाबता येत नाही, तर यूआयकडे पाहावे. ती गोष्ट तिथे नाहीच, किंवा नको त्या वेळी आणि नको त्या क्रमाने येते, तर यूएक्सकडे परत जावे. काही तक्रारी मधल्या असतात. एखाद्या बटणावरचा शब्द चुकीचा असेल तर तो कोणाच्या खात्यात, यावर कंपन्यांत वाद होतात आणि मोठ्या कंपन्यांत त्यासाठी यूएक्स रायटर नावाची वेगळी व्यक्ती असते.

सहावी पायरी: डेव्हलपरच्या हाती सोपवणे

ही पायरी थोडक्यात. डेव्हलपर म्हणजे ॲप प्रत्यक्ष बांधणारा प्रोग्रामर. यूएक्सकडून त्याला क्रम, नियम आणि अपवाद मिळावेत. यूआयकडून मापे, रंग, फाँट, चिन्हे आणि वर सांगितलेल्या सर्व स्थिती मिळाव्यात. तयार झालेले ॲप पुन्हा धक्क्यावर नेऊन तपासावे.

सातवी पायरी: जाहिरात वाचणे आणि पोर्टफोलिओ मांडणे

गोव्यातील बऱ्याचशा कंपन्या लहान असल्याने एकाच माणसाकडून दोन्ही कामांची अपेक्षा असते, आणि त्यात गैर काही नाही. अडचण येते ती दोन कामांचे नाव घेऊन एकाच कामाला वेळ दिला जातो तेव्हा. म्हणून मुलाखतीत नम्रपणे विचारावे: ‘मागच्या प्रकल्पात वापरकर्त्यांशी कोण बोलले होते, आणि त्यानंतर काय बदलले?’ उत्तर ‘क्लायंटने सांगितले तसे केले’ असे आले, तर ते पद यूआयचे आहे असे धरून पगार आणि काम यांचा विचार करावा. जाहिरातीत मुलाखती, सर्वेक्षण, चाचणी, माहितीची रचना हे शब्द असतील तर कल यूएक्सकडे असतो. डिझाइन सिस्टीम (पुन्हा पुन्हा वापरायच्या घटकांचा ठरलेला संच), चिन्हे, टायपोग्राफी (अक्षरांची मांडणी), ॲनिमेशन हे शब्द असतील तर यूआयकडे. ‘प्रॉडक्ट डिझायनर’ असे लिहिले असेल तर बहुधा दोन्ही, वर थोडा व्यवसायाचा हिशोबही.

आल्तिनोवरील गोवा कला महाविद्यालयासारख्या संस्थेतून उपयोजित कला शिकलेल्यांना यूआय जवळचे वाटते, आणि मानसशास्त्र शिकलेल्या किंवा हॉटेलच्या स्वागतकक्षात काही वर्षे काढलेल्या माणसाला यूएक्स लवकर उमगते, असा माझा अनुभव आहे. स्वागतकक्षावरचा माणूस रोज शंभर जणांची अडचण ऐकतो. ती शिदोरी थोडी नव्हे. पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल तर मुंबई आयआयटीचे आयडीसी हे डिझाइन विद्यालय आणि अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था हे जुने आणि मान्यवर पर्याय आहेत. आयडीसीसाठी सीड ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते.

पोर्टफोलिओत, म्हणजे अर्जासोबत दाखवायच्या कामांच्या संग्रहात, फेरीबोटीचा हाच प्रकल्प दोन स्वतंत्र भागांत मांडावा. पहिल्या भागात धक्क्यावरील टिपणे, त्यांतून निघालेले वाक्य, कागदी चौकटी आणि चाचणीनंतर बदललेली गोष्ट असावी. लोकांचे चेहरे आणि नावे मात्र नसावीत. दुसऱ्या भागात अंतिम स्क्रीन, तिच्या सर्व स्थिती, तफावतीचे आकडे आणि देवनागरीसाठी केलेले फेरफार असावेत. यूएक्सच्या पदासाठी अर्ज करताना पहिला भाग वर ठेवावा, यूआयसाठी दुसरा. तिरप्या रेघेच्या पदासाठी अर्ज असेल तर ‘फेरी: पलीकडे’ हा मजकूर ‘फेरी चोडणच्या धक्क्यावर आहे’ असा का झाला, त्या एका बदलापासून सुरुवात करावी आणि तिथून दोन्ही भागांकडे वळावे.